जानेवारीतला पंखा

नोएडातला जानेवारी ज्याने काढला आहे, त्याला मी काय म्हणते ते लगेच समजेल. सकाळी दहापर्यंत धुक्यात समोरचं घर दिसत नाही, आणि माणसं घरातल्या घरात मोजे, स्वेटर, वर शाल असा जामानिमा करून चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसतात. अशाच एका सकाळी मी भाड्याची खोली बघायला एका फाटकातून आत शिरले. व्हरांड्यात एसटीडीचा बूथ होता. बूथच्या बाहेर एक साठीची बाई कानटोपी, शाल, हातमोजे घालून बसली होती आणि तिच्या शेजारी टेबलफॅन घरघर फिरत होता. पूर्ण वेगात.

पंख्याचं तोंड भिंतीकडे होतं. वारा तिला लागत नव्हता हे खरं, पण जानेवारीत भिंतीला तरी वारा कशाला हवा?

मी मुळात भोचक. पुण्यात वाढले, शिवाय चाळीत वाढले, त्यामुळे हा गुण माझ्यात चांगला मुरलेला आहे. नाव, गाव, खोलीचं काम, सगळं बाजूला राहिलं आणि मी पहिलाच प्रश्न विचारला, "पंखा का लावलाय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग काचेआड फोनवर बोलणाऱ्या एका चौकीदाराकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. चौकीदार बोलून बाहेर आला, पावती घेऊन गेला. तेव्हा कुठे तिने पंखा बंद केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "तो बायकोशी बोलत होता. आता बोल. खोली बघायला आलीस ना?"

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता, रोज नवी कंपनी निघत होती, आणि कॉम्प्युटरच्या अशाच एका कंपनीने मला पुण्याहून उचलून यमुनेपलीकडे आणून टाकलं होतं. नोएडात तेव्हा सेक्टरांना नंबर होते, घरांना नंबर होते, पण बऱ्याच रस्त्यांना अजून डांबर नव्हतं. ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं, "एक मराठी मॅडम आहेत, ख्रिश्चन आहेत, एकट्या राहतात. थोड्या अजीब आहेत, पण रूम बिल्कुल साफ." अजीब हा शब्द ऐकल्यावर मी दुसरी खोली बघितलीच नाही. तिथे तीन वर्षं राहिले.

कॉलनी तिला मॅडमजी म्हणायची. मी मावशी म्हणायला लागले. मूळची ती नगरकडची. वडील खेड्यापाड्यांतून फिरणारे पाळक. ती स्वतः दिल्लीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती आणि निवृत्त झाल्यावर हे घर बांधून खाली बूथ चालवत होती. यातलं अर्धं मला भिंतीवरच्या फोटोंखालच्या अक्षरांवरून कळलं आणि उरलेलं निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या घड्याळाच्या पाठीवरून. तिचं कधी लग्न झालं होतं की नाही, हे मात्र मला तीन वर्षांत कळलं नाही. माझ्यासारखीला न कळणं म्हणजे काय, याची कल्पना माझ्या नवऱ्याला आहे.

पंख्याचं कारण तिने सांगितलं, पण तेही महिनाभराने. बूथचं प्लायवूडचं दार फुगलं होतं. ते नीट लागत नसे आणि आतलं बोलणं बाहेर ऐकू यायचं. घरघरीत ते बुडून जावं म्हणून पंखा.

"दार दुरुस्त करून घ्या की," मी म्हणाले.

"तीनदा केलं. पुन्हा फुगतं. आणि दार सुतार करील, माझे कान कोण दुरुस्त करील? तीस वर्षं लोकांचं ऐकलं, तो नोकरीचा भाग होता. आता सक्ती नाही."

"पण ऐकू आलं तर काय झालं? कुणाला सांगायचं नाही, बस."

"ऐकलेलं आत राहत नाही गं. तोंड बंद केलं तर डोळ्यांतून बाहेर येतं. उद्या तो चौकीदार समोर आला की माझी नजर बदलेल. मग मी न बोलता बोललेच की."

हे ऐकून मला हसू आलं होतं. एवढी काळजी लोक पैशाअडक्याची घेतात, जिभेची कोण घेतं? पण तिच्या लेखी हा थेट विश्वासाचा मामला होता. "दारू सोडलेले ख्रिस्ती पुष्कळ बघितले," ती एकदा म्हणाली, "सिगारेट सोडलेले बघितले. जीभ आवरलेला एक दाखव. मी स्वतः अजून त्यात नाही." सकाळी बूथ उघडण्याआधी ती उजवा तळहात तोंडावर ठेवून मिनिटभर उभी राहायची. पहिल्यांदा मला वाटलं दात दुखतोय. विचारलं, तर म्हणाली, "त्याला सांगते, बापा, आज दिवसभर इथे, या ओठांच्या दाराशी उभा राहा. रात्रपाळी माझी मी बघते."

देवाची तिची कल्पना सगळी एक्स्चेंजमधून आलेली होती. तिथे म्हणे एक सुपरवायझर कोणत्याही ऑपरेटरच्या लाइनवर न सांगता यायची. खटका नाही, आवाज नाही. तुम्ही लोकांशी कसं बोलता ते ऐकायची आणि निघून जायची. संध्याकाळी कळायचं. "तेव्हापासून मला प्रार्थना सोपी झाली," मावशी म्हणाली. "तो लाइनवर असतोच. हॅलो हॅलो करावं लागत नाही."

तिच्या बैठकीच्या खोलीत वेताचे तीन मुढे होते. दिल्लीकडे हे बिनपाठीचे मुढे घरोघर असतात. तिसऱ्या मुढ्यावर कधीच कुणी बसत नसे. त्याचा उपयोग मला समोरच्या घरातल्या भाभीजी आल्या तेव्हा कळला. भाभीजी म्हणजे सेक्टरचं बातमीपत्र. चहाचा पहिला घोट घेऊन त्या पुढे सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुना आपने? वो कोनेवाले मकान की बहू..."

मावशी उठली, कोपऱ्यातला मुढा उचलून आणला आणि भाभीजींच्या समोर ठेवला. "बहू को यहाँ बिठा दिया है," ती शांतपणे म्हणाली. "अब बोलिए."

भाभीजींनी रिकाम्या मुढ्याकडे पाहिलं. "मैडमजी, आप भी ना!" असं म्हणून त्या फुलकोबीच्या भाजीवर घसरल्या. त्या बहूचं काय झालं होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही याचं दुःख अजून आहे.

माझ्यावरही हा प्रयोग झाला. एकदा मी ऑफिसातून तणतणत आले आणि साहेबांचा उद्धार सुरू केला. मुढा आला. साहेब त्याच्यावर टाय लावून बसलेत असं डोळ्यांपुढे आणलं आणि माझ्या दहा वाक्यांतली नऊ गळाली. उरलं एकच, की ते काम तोंडी सांगतात आणि नंतर फिरवतात. "हे त्यांना सांगितलंस?" मावशीने विचारलं. नाही म्हटलं. "मग मला कशाला सांगतेस? मी काय तुझी साहेब आहे?" दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. त्यांनी काही फार मनावर घेतलं नाही, पण तणतण माझी संपली.

तिच्या स्वतःच्या लोकांनाही ती सोडत नसे. चर्चच्या बायकांची दर महिन्याला प्रार्थनेची बैठक असायची. एकदा मी, अर्थातच भोचकपणाने, तिच्याबरोबर गेले. डोळे मिटून सगळ्या बसल्या होत्या. एक बाई गहिवरून म्हणाली, "एक बहन के लिए प्रार्थना कीजिए. नाम नहीं लूँगी, पर जिनके पति बैंक में हैं और जो पिछले महीने से मायके में हैं..." आजूबाजूला हलकेच 'च् च्' झालं. मी एक डोळा उघडला. मावशीने दोन्ही उघडले होते. "बहनजी," ती म्हणाली, "आँखें बंद करके चुगली मत कीजिए. उसका पता ऊपरवाले को मालूम है." पुढचे दोन महिने तिला बैठकीचा निरोप आला नाही. ती निरोपाशिवाय जात राहिली.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे त्यांचा उपवासकाळ. इतर लोक त्यात मटण सोडतात, कुणी चहा सोडतं. मावशी मत सोडायची. चाळीस दिवस कशालाही चांगलं किंवा वाईट म्हणायचं नाही. मला हे ठाऊक नव्हतं. मी पहिल्याच वर्षी हौसेने वांग्याचं भरीत करून तिला वाटीभर दिलं आणि संध्याकाळी विचारलं, "कसं झालंय?"

"भरीत झालंय," ती म्हणाली.

मी आठवडाभर फुरंगटून होते. ईस्टरच्या रविवारी चर्चहून आल्याआल्या, डोक्यावरचा पदरही न काढता, ती जिना चढून वर आली आणि दारातूनच म्हणाली, "ते भरीत खारट होतं." बोलून तिला इतकं मोकळं वाटलं की ती हसायलाच लागली.

आणि लवंग. तिला राग यायचा, चांगला सणसणीत यायचा. रेशनवाल्याने खडे घातले, लाइनमनने खेपा घालायला लावल्या, की ती कमरेची चंची उघडून एक लवंग तोंडात टाकायची. ती चघळून संपेपर्यंत बोलायचं नाही असा नियम. घरात लवंगेचा वास आला की मी ओळखायचे, आज मावशी कुणावर तरी पेटली आहे. कारण विचारण्यात अर्थ नसायचा. तुम्हाला हे सगळं कुठून सुचलं, पूर्वी काही घडलं होतं का, असं मी एकदा खोदून विचारलं. मला एखादी जुनी गोष्ट हवी होती. ती म्हणाली, "सगळ्याला गोष्ट कशाला लागते? तोंडात जीभ आहे, एवढं कारण पुरे नाही का?"

तिच्या इन्व्हर्टरचं तर कॉलनीत हसं झालं. तेव्हा नोएडात लाइट केव्हाही जायची आणि तासन्‌तास यायची नाही. बूथचा मीटर बॅटरीवर चालत असल्यामुळे फोन चालू असायचे. इन्व्हर्टर ही नवलाईची चीज होती, सेक्टरात दोन-तीन घरी असेल. ज्यांच्याकडे होता ते त्यावर टीव्ही चालवायचे, ट्यूबलाइट लावायचे. मावशीने दिवाळी झाल्यावर एक दिवस अचानक इन्व्हर्टर आणला आणि त्याला फक्त टेबलफॅन जोडला. लाइट गेली की ती स्वतः मेणबत्तीशी, शाल गुंडाळून, आणि पंखा मात्र थंडीत भिंतीला वारा घालतोय. "मैडमजी सठिया गयी हैं," भाभीजी म्हणाल्या. मीही त्यांच्यात सामील होऊन हसले. ते हसणं आता आठवलं की चैन पडत नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुण्यात माझं एकाशी जमलं होतं. दोन वर्षांचं. दिवाळीत घरी गेल्यावर तो घरच्यांशी बोलणार होता. तो भेटलाच नाही. परत आल्यावर एका संध्याकाळी मी बूथमधून त्याला फोन लावला. लाइट गेलेली होती. बूथमध्ये अंधार होता आणि मला ते बरंच वाटलं, रडले तर बाहेर दिसणार नाही. तो म्हणाला, आईला दुखवता येत नाही. त्यानंतर मी त्याला जे जे म्हणाले ते इथे लिहिणार नाही. भांडले असते तर लिहिलं असतं. मी गयावया केली. वाटेल ते करायला तयार झाले. आपण इतके खाली जाऊ शकतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि ते दुसऱ्या कुणाला कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी सामान बांधलं असतं.

बाहेर आले तेव्हा मावशी अंगणातून आत येत होती. तिने मीटरची पावती फाडून दिली आणि म्हणाली, "उद्या येताना कोथिंबीर आणशील?" रोज म्हणते तसंच. मी मनात म्हटलं, सुटले, हिला काही कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी आईने माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. त्यातलं एक दिल्लीचंच निघालं. करोलबागेतलं मराठी घर, दोन पिढ्या तिथेच, मुलगा इंजिनियर. फोटो, पत्रिका सगळं पसंत पडलं. आता फक्त चौकशी. आपल्याकडे चौकशी म्हणजे काय ते सांगायला नको. मुलगी कितीही शिकलेली असो, शेजारीपाजारी काय म्हणतात, घरमालकीण काय म्हणते, ते ऐकल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. मी निश्चिंत होते. मावशी कुणाचं वाईट बोलत नाही, म्हणजे माझं चांगलंच बोलेल, असा माझा सरळ हिशेब होता.

मुलाचे वडील आणि त्याची आत्या मी ऑफिसला गेले असताना आले. भाभीजी नेमक्या त्याच वेळी फाटकाशी भाजी घेत होत्या, आणि आमचं मराठी त्यांना आता चांगलं कळायचं, त्यामुळे मला सगळं शब्दन्‌शब्द कळलं.

"मुलगी कशी आहे?" आत्याबाईंनी विचारलं.

"ऑफिसला गेलीय. सहाला येईल."

"नाही, आम्हाला तिच्याबद्दलच विचारायचंय."

"म्हणूनच म्हणते, सहाला येईल."

"तसं नाही हो. वागायला कशी आहे, येणंजाणं कुणाचं आहे, कुणी मित्रबित्र?"

मावशीने चंची उघडली आणि लवंग तोंडात टाकली. पाहुणे पाच मिनिटं बसले आणि चहा न घेता उठले.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. मी तो त्याच बूथमध्ये घेतला, बाहेर पंखा घरघरत होता. "अगं, त्या बाईंनी तोंडच उघडलं नाही म्हणे," आई रडवेली झाली होती. "आत्याबाई म्हणतात, सांगण्यासारखं असतं तर बोलल्या असत्या. काय आहे तरी काय? बाबा म्हणतायत, पुरे झाली ती दिल्ली, नोकरी सोडून परत ये." दिल्लीतली मराठी माणसं ती किती? गणपतीत सगळी एका मंडपात मावतात. माझ्याबद्दल 'काहीतरी आहे' हे पंधरा दिवसांत सगळ्यांना कळणार होतं, आणि ते काय आहे हे ज्याने त्याने आपापल्या मगदुरानुसार भरून घ्यायचं होतं. माझी नोकरी, माझी खोली, यमुनेपलीकडचं माझं एवढंसं आयुष्य एका लवंगेपायी जायची वेळ आली.

मी बूथचं दार आपटून बाहेर आले. मावशीवर मी कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. "एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला! मुलगी चांगली आहे, तीन शब्द! माझं वाटोळं झालं, पण तुमचा देव खूश झाला असेल!"

तिने पंखा बंद केला. तीन दिवस घरभर लवंगेचा वास येत होता. मला वाटलं, माझ्यावर चिडली आहे.

शनिवारी दुपारी ती वर आली. इस्त्रीची साडी नेसली होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. "मी चुकले," ती म्हणाली. "जीभ आवरली की काम झालं, असं मी धरून चालले होते. गप्प बसून मी तुझी बदनामी केली. तेवढी भाभीजींनी बोलूनही केली नसती. तीन दिवस मी स्वतःवरच लवंगा खातेय." मग पदर सारखा करत म्हणाली, "तू साडी नेस. करोलबागला जायचंय. तू समोर बसल्याशिवाय मला तुझ्याबद्दल बोलता येणार नाही, पण तू बसलीस तर येईल."

मला जायचं नव्हतं. न बोलावता मुलीने मुलाकडे जायचं, ही काय रीत झाली? पण तिने "मी चुकले" म्हटलं होतं, आणि फुकटचा शब्द न बोलणाऱ्या बाईने ते म्हटल्यावर माझ्याच्याने नाही म्हणवेना.

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचं घर होतं. आम्हाला दारात बघून आत्याबाई गडबडल्या. वडिलांनी बसायला सांगितलं. मुलगा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होता, तो वाचतच राहिला. मावशीने तोंडातली लवंग काढली, रुमालाच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, "परवा तुम्ही विचारलंत तेव्हा ही समोर नव्हती. आता आहे. मी सांगते. चुकलं तर ही मला टोकेल."

"तुमच्या लोकांत असतं का हो हे?" आत्याबाईंनी विचारलं. "असं बोलायचं नाही वगैरे?"

"आमच्यातही सगळे भरपूर बोलतात. नको असं लिहिलेलं आहे, वाचतात आणि बोलतात. मीही त्यातलीच, जरा धडपडते एवढंच." मग तिने माझ्याकडे बघून सुरुवात केली. "ही सकाळी हाका मारल्याशिवाय उठत नाही. दूध दर आठवड्याला उतू घालवते. राग आला की दार आपटते, माझं एक तावदान गेलं. भोचक आहे. दुसऱ्याची पत्रं वाचत नाही, पण पाकिटं उलटीसुलटी करून बघते."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. यासाठी मला साडी नेसवून आणलं होतं?

"यंदा मे महिन्यात मला टायफॉइड झाला," मावशी पुढे म्हणाली. "एकवीस दिवस हिने ऑफिस सांभाळून माझं सगळं केलं. न्हाऊ घातलं, पेज भरवली. सकाळ-संध्याकाळ माझा बूथही उघडला. आणि त्या एकवीस दिवसांत तिथे कोण काय बोललं, ते मला एकदाही सांगितलं नाही. मी पडल्यापडल्या पंखा ऐकत होते, ती रोज लावत होती. भोचक मुलीला ते किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. एवढंच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हे बघितलं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

वडिलांनी मान डोलावली. पण आत्याबाई जुन्या खोडाच्या. "ते सगळं ठीक आहे हो. पण कुठे मन-बिन गुंतलेलं? तुमच्या घरात राहते, तुमच्याच फोनवरून बोलते. तुम्हाला माहीत असणारच."

मी मावशीकडे पाहिलं. आता फक्त 'मला माहीत नाही' म्हणायचं होतं. पंख्याआडून तिला काही ऐकू आलेलं नव्हतं, तेव्हा ते खोटंही झालं नसतं. ते म्हटलं की आम्ही सुटलो. मावशीने मान माझ्याकडे वळवली.

"ती इथं बसलीय," ती म्हणाली. "तिलाच विचारा."

त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की बस. पण ती माझ्याकडे बघत होती, नेहमीच्याच नजरेने, कोथिंबीर आणायला सांगताना बघते तशी. त्या नजरेत ना हुकूम होता ना भीती. मी काहीही बोलले असते तरी ती तशीच बघत राहिली असती. आणि मला खोटं बोलवेना.

"होतं," मी म्हणाले. "पुण्यात. दोन वर्षं. त्याने नाही म्हटलं. आता काही नाही."

मुलाने वर्तमानपत्र खाली घेऊन पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. चहा आला, आम्ही घेतला, निघालो.

आठ दिवसांनी नकार आला, पत्रिकेचं काहीतरी कारण देऊन, गोड भाषेत. पण गंमत अशी झाली की माझ्याबद्दलची कुजबुज तिथेच विझली. जे होतं ते मीच तोंडाने सांगून टाकल्यावर चघळायला काही उरलं नाही. आत्याबाईच कुठेशा म्हणाल्या म्हणे, मुलगी आमच्या घरात बसायची नाही, पण आहे सरळ. आईला मी फोनवर सगळं सांगितलं, ती रडली, आणि बाबांनी परत येण्याचा विषय काढला नाही.

मावशीही त्यानंतर बदलली. पुढच्या स्थळाकडचे काका चौकशीला आले, तेव्हा तिने त्यांना बसवलं, चहा दिला आणि जिन्याखालून मला हाक मारली, "खाली ये गं, तुझ्याबद्दल बोलायचंय." दुधापासून पाकिटांपर्यंत सगळं माझ्यासमोर झालं. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्याच पुतण्याशी माझं लग्न झालं. दूध अजून उतू जातं. मावशी आता नाही, आणि तिच्याबद्दल तिच्यामागे एवढं लिहिताना मी समोर एक मुढा ठेवला आहे.

पण करोलबागेहून परत येतानाचं सांगायचं राहिलं. आम्ही बसमध्ये शेजारी शेजारी बसलो होतो. मी धुमसत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "तुम्ही नुसतं 'माहीत नाही' म्हणायचं होतं, मावशी. खरंच तर होतं. पंखा असतो की तुमचा."

तिने रुमालाची गाठ सोडली, लवंगेकडे पाहिलं, पुन्हा गाठ मारली. बस यमुनेच्या पुलावर आली.

"त्या दिवशी लाइट गेली होती," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तो अंधारा बूथ आठवला. लाइट गेलेली. म्हणजे पंखा बंद.

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं. मी उठून अंगणात गेले, फाटकापर्यंत गेले. तिथेही ऐकू येत होतं. मग त्याच आठवड्यात इन्व्हर्टर आणला. पुन्हा कुणाचं तसं व्हायला नको."

म्हणजे ज्या इन्व्हर्टरला मी भाभीजींबरोबर हसले होते तो माझ्यामुळे आला होता. आणि ऐकलेलं डोळ्यांतून बाहेर येतं म्हणणारी ही बाई, एक वर्षभर माझ्यासमोर बसून जेवली होती, मला हाका मारून उठवत होती, माझ्या हातची पेज पीत होती. मी, पाकिटं उलटीसुलटी करणारी, वर्षभर त्या डोळ्यांसमोर होते आणि मला तिथे काही दिसलं नव्हतं. ना कीव, ना कुतूहल. त्या एका वर्षात तिने किती लवंगा खाल्ल्या असतील देव जाणे. मी बसमध्ये, भर गर्दीत, रडायला लागले.

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. आमचा स्टॉप जवळ आला तेव्हा म्हणाली, "उतरल्यावर आठवण कर हं. कोथिंबीर संपलीय."